ओळंब्याची दोरी

गेल्या वर्षी दहावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब पेढे घेऊन आले. मुलाला विज्ञानात आणि गणितात उत्तम गुण मिळाले होते. वडिलांचा प्रश्न नेहमीचाच होता : ‘फादर, याला डिप्लोमाला घालावा, की अकरावी सायन्स करून इंजिनिअरिंगला?’ बोलता बोलता गावाचा विषय निघाला, म्हणून मी मुलाला विचारले, ‘तुमच्या शिवारातल्या डोंगरावर त्या आडव्या रेघा आहेत ना, त्या कशाच्या रे?’ मुलगा क्षणभर थांबून म्हणाला, ‘मिलिटरीने सरावासाठी खणल्या असतील.’ नगर हे रणगाड्यांचे गाव. त्यामुळे उत्तर अगदीच वावगे नव्हते. वडील मात्र खाली मान घालून बसले. त्या रेघा म्हणजे समतल चर होते आणि ते खणणाऱ्यांत त्या मुलाचे आजोबा आणि आजी दोघेही होते.

हा लेख त्या मुलाला दोष देण्यासाठी लिहिलेला नाही. आपणच त्याला ते कधी सांगितले नाही. विज्ञानशिक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर महाविद्यालय, प्रयोगशाळा आणि प्रवेशपरीक्षा उभ्या राहतात. नगर जिल्ह्यात मात्र (आता त्याचे नाव अहिल्यानगर आहे, ते २०२४ साली बदलले) शास्त्र आणि तंत्र गोरगरिबांच्या घरी आले ते बहुधा हातांच्या वाटेने.

या वाटेचा आरंभ आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेने केलेला नाही, हे प्रथम मोकळेपणाने मान्य करावयास हवे. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फॅरार १८३९ मध्ये नगरला आल्या आणि १८६२ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी मुलींच्या शाळा चालविल्या. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे त्यांच्याकडे घेतले, हे आता सर्वश्रुत आहे. १८४२ साली नगरातूनच ‘ज्ञानोदय’ निघू लागला. धर्मविषयक लेखांबरोबर सृष्टिशास्त्राची माहितीही त्याने मराठी वाचकांपुढे ठेवली.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुष्काळामागून दुष्काळ आले आणि मिशनच्या आश्रयाला अनाथ मुलांची रीघ लागली. या मुलांना केवळ अक्षरे शिकवून भागणार नव्हते. रेव्हरंड जेम्स स्मिथ यांनी नगरला औद्योगिक शाळेची घडी बसविली. सुतारकाम, धातुकाम आणि गालिचे विणणे हे तेथले विषय होते. त्या काळी ‘शिकलेला’ म्हणजे कारकून किंवा मास्तर. शिकून पुन्हा रंधा हातात धरावयाचा ही कल्पना पालकांना रुचण्यासारखी नव्हती. (आजही ती फारशी रुचत नाही, असे माझा अनुभव सांगतो.)

विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे डी. सी. चर्चिल हे मिशनरी आले. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत शिकलेला हा अभियंता. नगर हे तेव्हा साळी-पद्मशाली विणकरांचे, लुगड्यांचे मोठे केंद्र होते आणि गिरणीच्या कापडापुढे हातमाग मागे पडत होता. चर्चिल यांनी विणकराच्या घरात मावेल, सुताराला बनविता येईल आणि जुन्या मागापेक्षा पुष्कळ वेगाने चालेल असा हातमाग तयार करण्यामागे आपली सारी विद्या लावली. परदेशी यंत्र आणून येथे बसविणे सोपे होते. त्यांनी येथल्या माणसाच्या हातापायांचा हिशेब मांडला. गंमत अशी, की अमेरिकेत परतल्यावर १९२२ मध्ये चर्चिल पती-पत्नींनी केंटकी राज्यातील बेरिया या गावी विणकामाचा कारखाना काढला आणि नगरला घडलेल्या या अनुभवाच्या जोरावर तो चांगला नावारूपास आला. २००७ पर्यंत तो चालला. दूर अमेरिकेत कित्येकांनी पांघरलेल्या शालींचा एक धागा असा नगरपर्यंत येऊन पोहोचतो.

आपल्या मिशन केंद्रांचा इतिहास निराळा आहे. केंदळ, वळण, संगमनेर, राहाता येथे येशूसंघीय धर्मगुरूंनी शाळा आणि बोर्डिंगे काढली. त्यांतून शिक्षक, परिचारिका आणि धर्मशिक्षक निर्माण झाले. मी स्वतः त्याच परंपरेतला. विज्ञानशाखेची उच्च दारे नगरात उघडली ती १९४७ मध्ये, डॉ. बी. पी. हिवाळे यांनी अहमदनगर महाविद्यालय स्थापन केल्यावर. तेही आपल्या प्रोटेस्टंट बांधवांचेच कार्य होते. परंतु हातांच्या वाटेवरचे पुढचे मोठे पाऊल आपल्यातील एका धर्मगुरूने टाकले आणि त्याचे कारण ठरला पुन्हा एक दुष्काळ.

१९७२ चा दुष्काळ माझ्या पिढीने पाहिला नाही, केवळ ऐकला. सुकडी, मिलो आणि खडी फोडण्याची कामे हे शब्द घरोघरी राहिले. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असलेला हा जिल्हा आहे. अकोल्याच्या घाटमाथ्यावर धो धो पाऊस आणि पारनेर, पाथर्डी, कर्जतकडे कशीबशी पाचशे मिलिमीटरची आस. खाली काळा पाषाण, वर हातभर माती. त्या वर्षी सरकारने लाखो हातांना काम दिले आणि त्यातूनच पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली. पाझर तलाव झाले, बांध झाले. पण कित्येक ठिकाणी डोंगर उघडा तो उघडाच राहिला. वरची माती वाहून आली आणि तलाव गाळाने भरले. काम खालून वर सुरू झाले होते. पाणी मात्र वरून खाली येते.

फादर हर्मन बाखर यांचे नाव येथे येते. स्वित्झर्लंडच्या व्हॅले प्रांतात, गोम्सच्या खोऱ्यात १९२४ मध्ये त्यांचा जन्म झाला आणि १९४८ मध्ये ते भारतात आले. व्हॅले प्रांताची एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. चारी बाजूंनी हिमशिखरे असूनही तेथल्या दऱ्या कोरड्या असतात आणि शेतकरी शेकडो वर्षांपासून डोंगरकड्यांवरून पाट काढून, आपापसांत पाळ्या बांधून पाणी आणतात. अशा मुलखातला माणूस नगरला यावा हा योगायोग खरा. पण मला तो फुकट गेलेला वाटत नाही. नगरच्या ‘सोशल सेंटर’मधून त्यांनी शेतकऱ्यांबरोबर काम केले आणि त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की झाली : धर्म, जात, पक्ष न पाहता सारे गाव एकत्र आले तरच डोंगर सावरेल. त्यांच्या प्रयत्नांतून भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आकाराला आला. जर्मन सरकारचे अर्थसाहाय्य, नाबार्डची व्यवस्था आणि गावाचे श्रमदान अशी ती बांधणी होती. १९९३ मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ स्थापन केला.

या कार्यक्रमात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गावकऱ्यांच्या हाती दिलेली साधी उपकरणे. सेमिनरीत असताना एका उन्हाळ्यात मी अशाच एका गावी राहिलो होतो. तत्त्वज्ञानाची पुस्तके नुकतीच वाचून झालेली आणि डोके त्यांनीच भरलेले. एका सकाळी चौथीपर्यंत शिकलेल्या एका मावशींनी माझ्या हाती बांबूची तिकाटणी दिली. तिला तेथे ‘ए-फ्रेम’ म्हणत. दोन समान उंचीचे पाय वर एकत्र बांधलेले, मध्ये एक आडवी काठी आणि शेंड्यापासून लोंबणारी, दगड बांधलेली दोरी. गवंड्याचा ओळंबाच तो. आमोस संदेष्ट्याच्या दृष्टान्तात परमेश्वराच्या हाती दिसतो तोही हाच.

आडव्या काठीवरची मधली खूण कशी काढावयाची, हा त्या विद्येतला पहिला धडा. तिकाटणी जमिनीवर उभी करून दोरी जेथे टेकते तेथे खूण करावयाची. मग तीच दोन ठिकाणे कायम ठेवून पायांची अदलाबदल करावयाची आणि पुन्हा खूण करावयाची. दोन खुणांच्या बरोबर मध्ये तिसरी. उपकरणातली चूक आणि जमिनीचा उतार अशा रीतीने एकमेकांपासून वेगळे होतात. ज्याला शास्त्रज्ञ उपकरणाचे प्रमाणीकरण म्हणतात, ते हेच. त्यानंतर एक पाय जागीच ठेवून दुसरा फिरवीत जावयाचे. दोरी मधल्या खुणेवर स्थिरावली की दोन्ही पाय समान उंचीवर. तेथे चुन्याची चिमूट टाकावयाची. अशा पांढऱ्या ठिपक्यांची ओळ साऱ्या डोंगराला वेढा घालते आणि त्या ओळीवर चर खणला की पाणी कोठेही धावत नाही. चरात थांबते आणि मुरते. मला पहिल्या दिवशी वारा, दोरी आणि उतार यांचा मेळ काही जमला नाही. मावशी हसून म्हणाल्या, ‘ब्रदर, दोरीला घाई करू नका.’

संगमनेर तालुक्यातील दरेवाडी हे याचे नामांकित उदाहरण. तेथे १९९६ मध्ये काम सुरू झाले, तेव्हा उन्हाळ्यात पिण्याचे पाणी टँकरने येत असे. माथा ते पायथा चर, झाडे, बांध अशी कामे झाली. पाच वर्षांनंतर, २००१ च्या उन्हाळ्यात, आदला पाऊस जेमतेम असूनही गावाला टँकर लागला नाही. पुढे याच दरेवाडीत प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. ज्यांनी ही विद्या शिकून घेतली त्यांचेच गाव इतरांची शाळा झाले. २०१७ मध्ये ट्रस्टला संयुक्त राष्ट्रसंघाच्या वाळवंटीकरणविरोधी कराराखालील ‘लँड फॉर लाइफ’ पुरस्कार मिळाला. फादर बाखर तेव्हा हयात होते. २०२१ मध्ये ते प्रभूच्या भेटीला गेले.

सर्व काही गोडच झाले असे म्हणणे प्रामाणिक ठरणार नाही. चराईबंदीचा भार ज्यांच्याकडे शेत नव्हते, शेरडेमेंढरेच होती, त्यांच्यावर अधिक पडला. आणि विहिरींना पाणी चढताच काही गावांत बोअरच्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या; वर मुरविलेले पाणी खाली उपसले जाऊ लागले. मुरविण्याची विद्या आली, मोजण्याची राहिली. ती नगर तालुक्यातील हिवरे बाजारने आत्मसात केली. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली तेथे पावसाचा हिशेब ग्रामसभेत मांडला जातो आणि त्यावरून पिके ठरतात. शेतीसाठी बोअरला बंदी आहे. हिशेब शाळकरी मुलालाही करता येईल असा आहे : एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. हिवरे बाजारचे शिवार सुमारे ९७६ हेक्टरांचे. शंभर मिलिमीटर पावसात त्यावर ९७ कोटी लिटरांहून अधिक पाणी पडते. यातले किती वाहते, किती उडून जाते आणि किती आपले, हे ठरविणे हीच खरी परीक्षा.

आज आपल्या मुलांना संधींची वाण नाही. १९८३ मध्ये लोणी, संगमनेर आणि कोपरगाव येथे अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली आणि ज्यांच्या घरात कोणी दहावी झाले नव्हते त्या घरांतून अभियंते बाहेर पडले. राहुरीचे कृषी विद्यापीठ तर आपल्या दारातच. मुले पुण्याला, सुप्याला, रांजणगावला नोकऱ्या करतात, आईबापांना घर बांधून देतात. याचा मला मनापासून आनंद आहे. पण डोंगरावरचे ते चर आता गाळाने भरत चालले आहेत आणि त्यांची आखणी ज्यांना येत होती ती माणसे एकेक करून आमच्या दफनभूमीत येत आहेत.

पेढे घेऊन आलेल्या त्या मुलाला मी पुढच्या रविवारी मिस्सानंतर थांबवून घेतले. त्याच्यासोबत त्याची नववीतली बहीणही आली. गोदामातले तीन बांबू, सुतळी आणि एक दगड एवढ्यावर आम्ही ए-फ्रेम बांधली. दोन खुणांच्या मधली तिसरी खूण का, हे मुलाला सांगावे लागले. मुलीला लागले नाही. चर्चच्या पायरीपासून फाटकापर्यंत तिने चुन्याचे ठिपके टाकीत नेले. ओळ सरळ फाटकाकडे जाईल अशी माझी खात्री होती, कारण ते अंगण सपाट आहे असे मी इतकी वर्षे समजत आलो होतो. ओळ वळत वळत बालवाडीच्या भिंतीकडे गेली. मुलीने तिकाटणीचे तोंड उताराकडे फिरवले, दोरी पुन्हा एकदा पाहिली आणि म्हणाली, ‘फादर, दर पावसाळ्यात ही भिंत म्हणूनच ओली होते.’