घनकचऱ्याचा प्रश्न आणि लोकमत : ठाणे व कल्याण-डोंबिवलीचा अनुभव

प्रस्तावना

खर्चिक आणि दूरच्या काळात फळ देणाऱ्या शासकीय धोरणांना लोक खर्चापोटी विरोध करतात, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ठाणे व कल्याण-डोंबिवलीतील कचरा-प्रश्नाचा इतिहास पाहता हे मत अपुरे वाटते. प्रस्तुत लेखात या विरोधाच्या स्वरूपाचा विचार केला आहे.

विवेचन

2000 सालच्या केंद्रीय नियमांनी कचऱ्यावरील प्रक्रिया केंद्रे 31 डिसेंबर 2003 पर्यंत उभारण्याचे बंधन नागरी संस्थांवर घातले. तथापि कल्याणमधील कचरा त्यानंतरही अनेक वर्षे खाडीकाठच्या आधारवाडी येथे प्रक्रियेविना साठत राहिला. ढिगाऱ्याला वारंवार आगी लागत आणि धुराचा त्रास लगतच्या वस्तीला होई. शहराच्या उर्वरित भागात मात्र घंटागाडी दारावरून गेली की प्रश्न संपत असे.

एप्रिल 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या कारणास्तव महापालिका हद्दीत नव्या बांधकामांना मनाई केली. ही मनाई 2016 मध्ये उठली. परंतु तिच्यामुळे एका वस्तीपुरती असलेली झळ प्रथमच बांधकाम व्यवसाय व पालिकेच्या तिजोरीपर्यंत पोहोचली. पुढे उंबर्डे व बारावे येथील प्रकल्पांना गती मिळाली आणि मे 2021 मध्ये आधारवाडीत कचरा टाकणे थांबले. बारावे परिसरातील रहिवाशांनीही आपल्या भागातील प्रकल्पास विरोध केला होता. आधारवाडीचे उदाहरण त्यांच्यासमोरच होते.

ठाणे महापालिकेची स्थापना 1982 ची. तरी तिचा कचरा दीर्घकाळ दिव्यात टाकला जात होता. 2023 मध्ये तेथील क्षेपणभूमी बंद करून भंडार्ली येथे तात्पुरती सोय करण्यात आली, तेव्हा तेथील ग्रामस्थांनी विरोध केला. दिव्याचा अनुभव पाहता ‘तात्पुरती’ या शब्दावर त्यांचा विश्वास बसणे कठीण होते.

निष्कर्ष

या सर्व प्रसंगांत कचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट नको, असे कोणी म्हटले नाही. विरोधाचे मूळ खर्चापेक्षा भाराच्या विषम वाटणीत आणि मोडलेल्या मुदतींत होते. ज्यांचा कचरा दूर जात होता, त्या बहुसंख्यांचे मौन हेही लोकमतच होते आणि विलंबाला त्याचाच आधार मिळाला. म्हणून भार सर्व प्रभागांत विभागणे आणि दिलेली मुदत पाळणे, या दोन गोष्टींखेरीज अशा धोरणांना टिकाऊ लोकसंमती मिळणे अवघड आहे.