स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा ‘आकडा’ आला कुठून?

मंडळी, व्याख्यान संपलं की आम्हाला हमखास एक प्रश्न येतो. ‘रिपोर्टमध्ये सीए १९-९ वाढलंय, म्हणजे स्वादुपिंडाचा कॅन्सरच ना?’ उत्तरासाठी जरा मागे जाऊ या.

गोरेगावहून स्लो लोकलने प्रभादेवीला उतरून पूल ओलांडला की परळ. तिथे १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. पुढे इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर आलं, डॉ. वसंत खानोलकर त्याचे संचालक. त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. कमल रणदिवे यांनी अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची विद्या शिकून घेतली आणि मुंबईत टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी केली. अशा प्रयोगशाळेत एक फरक स्पष्ट दिसतो. साधी पेशी काही वेळा विभागून थांबते, कॅन्सरची थांबत नाही.

१९७५ साली केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी नेमकी हीच न थांबणारी वाढ कामाला लावली. प्रतिपिंड बनवणारी पेशी कॅन्सरच्या पेशीशी जोडली, आणि एकाच साच्याची प्रतिपिंडं हवी तितकी मिळू लागली. १९७९ साली फिलाडेल्फियात कोप्रोव्स्की यांच्या गटाने हीच पद्धत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी वापरली. तिथल्या एका प्रतिपिंडाचा क्रमांक १९-९. शोध आतड्याचा चालला होता, उपयोग झाला स्वादुपिंडाला!

आपण याला प्रोटीन मार्कर म्हणतो खरं. पण हे प्रतिपिंड ओळखतं ती प्रथिनांना चिकटलेली साखरेची एक साखळी. काही माणसांच्या शरीरात ती जन्मतःच बनत नाही. त्यांना कॅन्सर झाला तरी आकडा वाढत नाही. उलट खड्याने पित्तनलिका तुंबली, तर कॅन्सर नसतानाही तो ३७ च्या मर्यादेपुढे जातो. आणि गाठ वाढवतो तो हा मार्कर नव्हेच. नव्वद टक्क्यांहून अधिक गाठींत के-रास या जनुकात बिघाड असतो. ‘विभागत राहा’ हा त्याचा निरोप बंदच होत नाही.

म्हणून लक्षणं नसताना, पॅकेजमध्ये आहे म्हणून ही चाचणी करू नये. निदान झाल्यावर उपचार लागू पडतोय का, हे पाहायला ती उपयोगी. पण न दुखता कावीळ झाली, कारण नसताना वजन उतरलं, किंवा पन्नाशीनंतर अचानक मधुमेह निघाला आणि वजनही घटतंय, तर आकडा साधा असला तरी डॉक्टरांना गाठा. घरच्यांनाही हे सांगून ठेवा.