जगबुडी कुणाची? अंतकाळाच्या कादंबऱ्या, कलियुग आणि आपण

जगाचा शेवट जवळ आला आहे, असे सांगणाऱ्या गोष्टींना गिऱ्हाईक कधीच कमी पडत नाही. पूर्वी त्या पोथीतून, पंचांगातून आणि कीर्तनातून येत. आज त्या मोबाईलवर येतात. साथ आली, भूकंप झाला, इस्रायलच्या सीमेवर युद्ध पेटले की लगेच 'शेवटच्या काळाची चिन्हे', 'पशूचा शिक्का', 'कल्की कधी येणार' असे व्हिडिओ फिरू लागतात. आपल्या वस्त्यांतील पदवी घेतलेली मुलेसुद्धा ते रात्री जागून पाहतात. 'अडाणी आहेत' म्हणून त्यांना हसून हा प्रश्न सुटणार नाही. या गोष्टींत ओढ आहे, आणि ती कशाची आहे हे समजून घेतल्याशिवाय त्यांची चिकित्सा पुरी होणार नाही.

या प्रकारातील सर्वांत यशस्वी माल अमेरिकेतला आहे. टिम लाहे आणि जेरी जेन्किन्स या दोघांनी १९९५ ते २००७ या काळात 'लेफ्ट बिहाइंड' नावाची १६ कादंबऱ्यांची मालिका लिहिली. तिच्या सहा कोटींहून अधिक प्रती खपल्या, तिच्यावर चित्रपट निघाले. कथा अशी, की एके दिवशी जगभरातले खरे ख्रिस्तभक्त एका क्षणात नाहीसे होतात. विमानाच्या खुर्चीवर फक्त कपडे उरतात. देव त्यांना वर घेऊन गेलेला असतो. मागे राहिलेल्यांवर सात वर्षांचे महासंकट कोसळते. निकोलाय कार्पेथिया नावाचा एक देखणा, गोड बोलणारा पुढारी संयुक्त राष्ट्रसंघाचा प्रमुख बनतो, शस्त्रे खाली ठेवायला सांगतो, सगळ्या जगाचे एक सरकार आणि एक चलन करतो. हाच ख्रिस्तविरोधक. शेवटी येशू परत येतो आणि शत्रूच्या सैन्याचा संहार करतो.

वाचकाला यातून काय मिळते? पहिली गोष्ट, हिशेब चुकता होतो. ज्यांनी छळले त्यांना शिक्षा होते आणि ज्यांना कुणी विचारत नव्हते ते बरोबर ठरतात. दुसरी गोष्ट, गोंधळलेल्या जगाचा अर्थ लागतो. महागाई, युद्ध, रोगराई या सुट्या घटना राहत नाहीत, एका योजनेची पाने बनतात. तिसरी गोष्ट, वाचणाऱ्याला असे वाटते की जे मोठमोठ्या प्राध्यापकांना कळले नाही ते आपल्याला कळले आहे. ज्या माणसाला शाळेत, कचेरीत, नोकरीच्या मुलाखतीत सतत 'तुला काय कळते' असे ऐकवले गेले, त्याला ही भावना किती हवीशी वाटत असेल, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

बहिष्काराचा ग्रंथ

या कादंबऱ्या ज्या ग्रंथावर उभ्या आहेत तो बायबलमधला शेवटचा ग्रंथ, 'प्रकटीकरण'. बहुतेक अभ्यासक त्याचा काळ इसवी सनाच्या पहिल्या शतकाची अखेर मानतात. रोमन साम्राज्याच्या दडपणाखाली असलेल्या आशिया मायनरमधल्या सात लहान मंडळ्यांना योहान नावाच्या माणसाने पात्मोस बेटावरून हा ग्रंथ लिहिला. त्यातला पशू म्हणजे रोम, त्यातली बाबेल नगरी म्हणजेही रोम. राज्यकर्त्याचे नाव उघड घेता येत नाही म्हणून दडपलेली माणसे खुणांच्या भाषेत बोलत होती.

त्यातली एक खूण आपण थांबून वाचली पाहिजे. ज्याच्या हातावर किंवा कपाळावर पशूचा शिक्का नाही, त्याला काही विकत घेता येणार नाही आणि काही विकता येणार नाही, असे तिथे सांगितले आहे. आजचे व्हिडिओवाले यात कधी बारकोड पाहतात, कधी लस, कधी आधार कार्ड. आम्हाला यात बहिष्कार दिसतो. गावच्या दुकानातून मीठ मिळणार नाही, दळण दळून मिळणार नाही, मजुरी मिळणार नाही, विहिरीवर पाणी मिळणार नाही. १९२७ च्या महाड सत्याग्रहानंतर आपल्या माणसांनी हेच भोगले.

आता दोन मार्ग पाहा. योहानाने बहिष्कार ओळखला आणि त्याची शिक्षा आकाशावर सोपवली. त्याच्या हाती दुसरे काही नव्हते, म्हणून त्याला दोष देता येणार नाही. बाबासाहेबांनीही बहिष्कार ओळखला. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते सदस्य होते आणि त्या समितीने अस्पृश्यांवरील आर्थिक-सामाजिक बहिष्काराची नोंद घेतली. ती नोंद घेऊन बाबासाहेब गोलमेज परिषदेत गेले. ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याच्या धर्तीवर, बहिष्कार हा गुन्हा ठरवणारे कलम त्यांनी मागितले. अनेक दशकांनी, २०१६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा संमत केला. तो अपुरा असेल, त्याची अंमलबजावणी ढिली असेल, पण त्याच्या आधारे पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवता येते. पशूचा पराभव कसा करायचा याची ही दुसरी परंपरा आहे.

ग्रंथ पीडितांचा, कादंबरी कुणाची?

'भक्त एका क्षणात उचलले जातील' ही कल्पना जुनी नाही. तिला आजचे रूप १८३० च्या सुमारास जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकाने दिले. १९०९ मध्ये अमेरिकेत निघालेल्या स्कोफील्डच्या टीपांसह बायबलने ती घरोघर नेली. दरम्यान तारखा देऊन झाल्या होत्या. विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ला रात्रभर वाट पाहिली आणि सकाळी नेहमीसारखा सूर्य उगवला. हॅल लिंडसे याने १९७० च्या गाजलेल्या पुस्तकात इस्रायलच्या स्थापनेपासून म्हणजे १९४८ पासून एक पिढी मोजण्याचा इशारा दिला. ती पिढी सरली. तारीख चुकते पण दुकान चालू राहते, हा या धंद्याचा नियमच आहे.

मुख्य बदल असा झाला, की पीडितांची खुणांची भाषा जगातल्या सर्वांत बलाढ्य देशातल्या सुखवस्तू माणसांच्या हाती गेली. योहानासाठी पशू म्हणजे साम्राज्य होते. 'लेफ्ट बिहाइंड'मध्ये साम्राज्याचे नागरिक स्वतःलाच पीडित समजतात, आणि पशू ठरतो तो राष्ट्रसंघ, निःशस्त्रीकरण, जागतिक शांतता. जो शांततेची भाषा बोलेल त्याच्यावर संशय घ्या, हा त्या कादंबऱ्यांचा धडा आहे. तिथली गरिबी, उपासमार, युद्ध ही दूर करायची दुःखे नाहीत, घड्याळाचे काटे आहेत. भूकबळी पडला तर 'चला, वेळ जवळ आली' एवढाच त्याचा अर्थ. माणसाला करण्यासारखे काम एकच उरते, योग्य गटात जाऊन बसणे.

हा सगळा ख्रिस्ती परंपरेचाच दोष आहे असे मात्र आम्ही म्हणत नाही. आमच्या नाशिकमध्येच वेगळे उदाहरण आहे. चर्च मिशनरी सोसायटीने १९ व्या शतकात इथे शरणपूर वसवले. ते नाव आज शहरातल्या रस्त्याला उरले आहे. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना इथे अक्षरओळख आणि सुतारकाम, लोहारकाम यांसारखे धंदे शिकवले गेले. त्यांच्यापैकी जेकब वेनराईट हा लिव्हिंगस्टनचा मृतदेह समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत होता, आणि १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेतील दफनविधीलाही हजर होता. मराठीतली पहिली कादंबरी मानली जाणारी बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) हीही ख्रिस्ती कादंबरीच. तिचा हेतू धर्मप्रसाराचा होता हे खरे, पण तिने ढगांकडे पाहिले नाही, हिंदू विधवांच्या दुःखाकडे पाहिले. म्हणजे एकाच धर्मात इथली जखम पाहणारे साहित्य असते आणि इथल्या जखमेवरून शुभमुहूर्त काढणारेही असते.

आज चर्चवर हल्ले करणाऱ्या टोळ्या मोकाट आहेत आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती आजही अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर आहेत. त्यामुळे आमचा रोख ख्रिस्ती बांधवांवर आहे असे कुणी भासवू नये. कारण अंतकाळाची सर्वांत जुनी दहशत आपल्याला आपल्याच देशातल्या पोथ्यांनी दाखवली आहे.

कलियुगाची भीती कुणाला?

पुराणांतली कलियुगाची वर्णने वाचा. जग बुडत चालल्याची चिन्हे कोणती? शूद्र राजे होतील, शूद्र आसनावर बसून धर्म सांगतील, वर्णसंकर होईल, स्त्रिया स्वतंत्र वागतील. मग शंभल गावात विष्णुयशा नावाच्या ब्राह्मणाच्या घरी कल्की जन्मेल, तलवार चालवेल आणि वर्णधर्माची घडी पुन्हा बसवेल. ही जगबुडी कुणाची, हा प्रश्न इथेच सुटतो. ज्या दिवशी आपला मुलगा जिल्हाधिकारी होतो आणि आपली मुलगी मनाने लग्न करते, तो दिवस पोथीतल्या अंतकाळाचा आहे. ज्याला पोथी प्रलय म्हणते त्याला संविधान समता म्हणते.

ही कथा नुसती कथा राहिली नाही. कलियुगात पहिला आणि शेवटचा असे दोनच वर्ण उरतात, मधले क्षत्रिय संपले, हा सिद्धांत त्यातूनच आला. त्याच्या जोरावर छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला विरोध झाला, आणि १८९९ मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांना वेदोक्त विधी नाकारला गेला. कल्पित कालगणनेने खऱ्या राजाला शूद्र ठरवले.

बाबासाहेबांनी 'हिंदू धर्मातील कोडी' या ग्रंथात कलियुगाचे एक स्वतंत्र कोडे घातले आहे. ब्राह्मणांनी कलियुग न संपणारे का केले? मूळ हिशेब हजार-बाराशे वर्षांचा होता. ती मुदत संपत आली तेव्हा वर्षे माणसांची नसून देवांची आहेत असे ठरवून आकडा ४,३२,००० वर नेला. म्हणजे पोथीप्रमाणे अजून सव्वाचार लाखांहून अधिक वर्षे शिल्लक आहेत. मिलरची तारीख उलटून गेली, ब्राह्मणी तारीख लांबवली गेली. हा ग्रंथ १९८७ मध्ये महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केला तेव्हा तो दडपण्यासाठी किती आरडाओरड झाली आणि आपल्या लोकांनी मुंबईत किती विराट मोर्चा काढला, हे तरुण मित्रांनी घरातल्या ज्येष्ठांना विचारावे.

भीतीचा हा व्यापार स्वतंत्र भारतातही चालला. फेब्रुवारी १९६२ मध्ये आठ ग्रह एका राशीत येणार म्हणून जग बुडणार, असे ज्योतिष्यांनी सांगितले. देशभर यज्ञ झाले, तूप जळले, दक्षिणा वाटली गेली. पंतप्रधान नेहरूंनी त्याची थट्टा केली. अष्टग्रही आली आणि गेली, आणि त्याच महिन्यात देशाने तिसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदान केले.

बुद्धाची अंतकाळकथा

मग बौद्ध परंपरेत अशी कथा नाही का? आहे. दीघनिकायातील चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात माणसाचे आयुष्य ८०,००० वर्षांवरून १० वर्षांवर येते. पण ऱ्हास सुरू होण्याचे कारण पाहा. एक राजा राज्याचे रक्षण करतो, मात्र निर्धनांना धन देत नाही. त्यातून दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्रे, शस्त्रांतून हत्या, हत्येतून खोटेपणा. शेवटी सात दिवस माणसे एकमेकांना श्वापदे समजून कापत सुटतात. काही जण रानात, डोंगरकपारीत लपतात. सात दिवसांनी ते बाहेर येतात, जिवंत माणूस पाहून एकमेकांना मिठी मारतात आणि हत्या थांबवण्याचा निश्चय करतात. तिथून आयुष्य पुन्हा वाढू लागते. मेत्तेय्य बुद्ध येतो तो त्यानंतर, माणसांनी आपले जग सावरल्यावर.

इथे वरून कुणी उचलून नेत नाही. पापाचे मूळ आदिपुरुषात नाही, राज्यकर्त्याच्या अर्थनीतीत आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात ही कथा घेतली ती उगीच नाही. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांबद्दल लिहिताना त्यांनी विचारले होते, की हिंदू असताना पतनाचे कारण पूर्वकर्म आणि ख्रिस्ती झाल्यावर पूर्वजाचे पाप, तर मग परिस्थितीला दोष कधी द्यायचा? जे तत्त्वज्ञान परिस्थितीला दोष देत नाही ते परिस्थितीशी लढायला शिकवत नाही. अंतकाळाच्या कादंबऱ्यांचे सर्वांत मोठे वैगुण्य हेच आहे.

एका क्षणात सुटका, हे त्यांचे वचन. आमच्या नाशिक जिल्ह्याने सुटकेचा वेगळा वेग पाहिला आहे. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षे चालवला, दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. दीक्षा झाली १४ ऑक्टोबर १९५६ ला. मधली २१ वर्षे अभ्यासाची, संघटनेची, कायदे आणि संविधान घडवण्याची होती.

आता स्वतःच्या घराकडेही पाहू. 'पुन्हा एक बाबासाहेब जन्माला येतील' हे वाक्य आपल्या सभांत टाळ्या घेते. त्यात आणि कल्कीच्या वाटेकडे डोळे लावण्यात फरक किती उरतो? राजकारणातली भक्ती ही अधःपतनाची वाट आहे, हे २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनीच बजावले होते. दुसरीकडे 'इडा पीडा टळो, बळीचे राज्य येवो' हे आपल्या आयाबायांचे मागणे महात्मा फुल्यांनी उचलले आणि त्यातून वाट पाहणे काढून इतिहासाची उलटतपासणी उभी केली. आशा तीच राहिली, तिला काम मिळाले.

म्हणून मित्रांनो, वस्तीतला मुलगा 'शेवट जवळ आलाय' असा व्हिडिओ दाखवेल तेव्हा त्याची टिंगल करू नका. त्याला न्याय हवा आहे आणि तो लवकर हवा आहे, यात त्याचे काही चुकत नाही. त्याच्याबरोबर बसा, ते सुत्त वाचा, कलियुगाचे कोडे वाचा. आणि पुढच्या ग्रामसभेला, वॉर्डातल्या बैठकीला, शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी समाजकल्याण कार्यालयात जाताना त्याला सोबत घ्या.

जय भीम! नमो बुद्धाय!