हिंगण्याच्या आश्रमाची वर्गणी

सार्वजनिक संस्थांचे इतिहास लिहिताना संस्थापकांची चरित्रे, उद्घाटनाचे समारंभ आणि इमारतींच्या कोनशिला यांनाच बहुधा मोठे स्थान मिळते. वर्गणीची वही मात्र क्वचितच कोणी उघडून पाहतो. वस्तुतः लोकांच्या दानावर जगणाऱ्या संस्थेचा पुष्कळसा इतिहास त्या वहीतच साठवलेला असतो. पैसा कोणी दिला, किती दिला आणि देताना कोणती न बोललेली अट घातली, हे पाहू लागले म्हणजे संस्थेबरोबर तिच्या भोवतालचा समाजही दिसू लागतो. पुण्याच्या अनाथ बालिकाश्रमाचा प्रारंभकाळ या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविणारे प्रा. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर तिचे अध्यक्ष झाले. आईबाप गेलेली मुलगी तेवढी अनाथ, असा अर्थ येथे नव्हता. सासर-माहेर असूनही जिला कोणी आपले म्हणत नाही अशी बालविधवा ही या संस्थेच्या डोळ्यांपुढे होती. तिला आसरा द्यावा आणि शिकवून स्वतःच्या पायावर उभे करावे, हा हेतू.

परंतु हा हेतू सांगून पैसे मागणे सोपे नव्हते. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनावर १८९३ च्या सुमारास धर्मांतराच्या प्रश्नावरून वादळ उठले होते. त्याच वर्षी कर्व्यांनी त्या सदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि मुरूडच्या ग्रामस्थांचा बहिष्कार ओढवून घेतला. तेव्हा आश्रमाचा माणूस दारी आला की गृहस्थाच्या मनात दोन शंका उभ्या राहत. येथे मुलींना ख्रिस्ती तर करणार नाहीत ना? आणि येथे त्यांची लग्ने तर लावणार नाहीत ना? कर्व्यांनी यावर एक व्यवहारी निर्णय घेतला. पुनर्विवाहाची चळवळ त्यांनी आश्रमापासून वेगळी ठेवली आणि शिक्षण एवढाच आश्रमाचा उद्देश ठरविला.

आरंभी त्यांनी स्वतःची एक हजार रुपयांची शिल्लक संस्थेला दिली. पुढे पाच हजारांची आयुर्विम्याची पॉलिसीही तिच्या नावे केली. प्लेगने पुण्यातील वस्ती असुरक्षित झाली, तेव्हा रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे येथे जमीन आणि झोपडीपुरती रक्कम दिली. १९०० साली आश्रम तेथे गेला. कॉलेजचे काम आटोपून कर्वे तेथवर पायी जात आणि शिकवीत. सुट्टी लागली की ते वर्गणीसाठी गावोगाव हिंडत. रक्कम कितीही लहान असो, तिची नोंद होई आणि हिशेब लोकांपुढे ठेवला जाई.

या कामात पार्वतीबाई आठवले यांचा वाटा फार मोठा आहे. गोदूबाईंच्या या विधवा भगिनी प्रौढ वयात शिकल्या आणि नंतर आश्रमासाठी व्याख्याने देत हिंडू लागल्या. केशवपन झालेली एक स्त्री सभेत उभी राहून आपल्यासारख्यांच्या शिक्षणासाठी पैसे मागते, हे दृश्यच त्या काळी एक व्याख्यान होते. ज्याने चार आणे दिले, त्याने नकळत विधवेच्या शिक्षणाला संमतीही दिली. वर्गणीने आश्रम जगला हे खरे. पण तिने जे लोकमत घडविले, ते रोख रकमेहून मोठे होते.

आता वहीची दुसरी बाजू. लोकमत मिळवायचे तर ते दुखवून चालत नाही. वर्गणीदार बहुतांशी उच्चवर्णीय, आणि स्वयंपाकघरातील सोवळे त्यांना सोडवत नव्हते. त्यामुळे आरंभीच्या काळात आश्रमाचे दार ब्राह्मणेतर मुलींना बंद राहिले. विठ्ठल रामजी शिंदे यांनी आपल्या भगिनी जनाबाई यांच्यासाठी प्रवेश मागितला, तेव्हा जातीच्या कारणाने त्यांना नकार मिळाला. याच जनाबाईंनी पुढे, शिंद्यांनी १९०६ साली मुंबईत काढलेल्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनमध्ये, अस्पृश्य गणलेल्यांच्या मुलांसाठी काम केले.

या निर्णयाचा न्याय कसा करावा? वर्गणीदार तुटले असते तर हिंगण्याची झोपडीही कदाचित उभी राहिली नसती, आणि तिच्यात शिकलेल्या स्त्रियांना पुन्हा माजघराच्या कोपऱ्यात जावे लागले असते. हे सर्व मान्य केले, तरी दाराशी येऊन परत गेलेल्या मुलीला त्या युक्तिवादाचा काय उपयोग? संस्थेच्या सावधपणाची किंमत तिने भरली, आणि ती वर्गणीच्या वहीत कोठेच मांडलेली नाही.

पुढे १९१६ साली महिला विद्यापीठ निघाले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्यास पंधरा लाखांचे दान दिले, आणि विद्यापीठाला त्यांच्या मातुःश्रींचे नाव मिळाले. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, कर्व्यांना भारतरत्न हा किताब अर्पण झाला. या गौरवात चार-चार आण्यांच्या त्या वर्गणीदारांचाही वाटा होता. मात्र त्यांच्यापासून एक बोधही घ्यावासा वाटतो. अडचणीतील संस्थेला साहाय्य करताना पावती मागून घ्यावी, हिशेब पाहावा, हे योग्यच. त्याबरोबर आपल्या भीडेसाठी दाराबाहेर कोणाला ठेवले आहे, हेही दात्याने एकदा विचारावे.