चांदीच्या नाण्यावरचा डाग: घासायचा की वाचायचा?

चांदीचं भांडं काळं पडलं की आपल्याकडे ते रांगोळीने नाहीतर दंतमंजनाने घासतात. जुन्या नाण्याचं हेच केलं तर ते चकचकीत होतं खरं, पण संग्राहकांच्या बाजारात त्याची किंमत घसरते. असं का? याचं उत्तर अमेरिकेच्या मॉर्गन डॉलरच्या इतिहासात मिळतं, आणि संशोधनाकडे वळणाऱ्यांनी ते जरूर बघावं.

१८७८ च्या ब्लँड-ॲलिसन कायद्याने अमेरिकी सरकारवर एक बंधन घातलं. दर महिन्याला २० ते ४० लाख डॉलरची चांदी विकत घ्यायची आणि तिची नाणी पाडायची. त्यातून मॉर्गन डॉलर आला. वजन २६.७३ ग्रॅम, ९० टक्के चांदी, बाकी तांबं. एवढं जड नाणं खिशात बाळगायची फार कुणाला हौस नव्हती. त्यामुळे हजार-हजार नाण्यांच्या कापडी पिशव्या तिजोऱ्यांत साठत गेल्या. १९१८ च्या पिटमन कायद्याखाली २७ कोटींहून जास्त डॉलर वितळवले गेले. त्यातली बहुतेक चांदी गेली भारतात, कारण नोटांच्या बदल्यात द्यायला ब्रिटिश सरकारकडे चांदीचे रुपये कमी पडत होते. जे वाचलं, त्यातल्या काही पिशव्या १९६० च्या दशकापर्यंत तशाच पडून होत्या.

या काळात पिशवीत काय झालं? हवेतल्या आणि कापडातल्या गंधकाच्या संयुगांची चांदीशी अभिक्रिया होऊन पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर हळूहळू वाढला. थर काही दहा नॅनोमीटरचा असेल, तर त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशलहरींचं व्यतिकरण होतं. म्हणजे पाण्यावरच्या तेलाच्या तवंगासारखंच. आधी फिकट सोनेरी, मग तांबूस, जांभळा, निळा असे रंग दिसतात. थर फार जाड झाला की काळा. कापडाला टेकलेल्या काही नाण्यांवर तर विणीची नक्षीसुद्धा उमटली. शेजारच्या नाण्याने झाकलेला भाग मात्र पांढराच राहिला.

म्हणजे नाणं कुठे, कसं पडून होतं याची नोंद त्याच्या अंगावरच आहे. सुंदर रंग चढलेला मॉर्गन डॉलर साध्या डॉलरच्या कितीतरी पट किमतीला जातो तो यामुळे. मग नकली रंग चढवणारेही आलेच, गंधकाची रसायनं आणि उष्णता वापरून. पारखी माणूस तेव्हा रंगांचा क्रम तपासतो. थर हळूहळू वाढला असेल तर एका रंगातून पुढचा रंग ओळीने येतो. मधले रंग गायब असले की संशय घ्यावा.

प्रत्येक डागाला मात्र असा मान नाही. कॅनडाचं मेपल लीफ हे गुंतवणुकीचं नाणं १९८८ पासून निघतं, शुद्धता ९९.९९ टक्के. त्यावर काही दिवसांनी दुधाळ पांढरे ठिपके उमटल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं होत्या. नाणं छापण्याआधी कोऱ्या चकतीवर धुण्याच्या रसायनाचा अंश राहतो आणि भट्टीत तो पक्का बसतो, असं कारण साधारणपणे सांगितलं जातं. कॅनडाच्या टांकसाळीने २०१८ मध्ये ‘मिंटशील्ड’ नावाची पृष्ठभाग-प्रक्रिया आणली ती हे ठिपके कमी करण्यासाठीच. ठिपक्यांमुळे चांदीच्या भावात काही फरक पडत नाही, एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम चांदी तेवढीच राहते. पण संग्राहक हात आखडता घेतो. त्याला त्यात कारखान्यातली चूक दिसते.

आता घासण्याकडे येऊ. थायोयुरियाच्या आम्लयुक्त द्रावणात नाणं बुडवलं की सल्फाइड विरघळतं, पण त्यात अडकलेली चांदीही सोबत जाते. छापताना धातू बाहेरच्या बाजूला सरकतो आणि त्याच्या बारीक रेषा पडतात. नव्या नाण्यावर फिरणारी चमक त्या रेषांमुळे असते. पुन्हापुन्हा बुडवलं तर त्या झिजतात आणि नाणं निस्तेज होतं. गेलेला थर आणि गेलेल्या रेषा परत आणता येत नाहीत.

प्रयोगशाळेत तुमच्या हाती नमुना येईल, तेव्हा त्यावरचा थर हीच कदाचित तुमची माहिती असेल. म्हणून आधी फोटो काढा, वजन करा, नोंदी ठेवा. साफ करायचं की नाही, ते त्यानंतर ठरवा.