रसोपवास : एका नव्या व्रताची वंशावळ

हल्ली शहरांतून एक नवे व्रत रूढ होऊ लागले आहे. त्याला देव नाही, तिथी नाही, संकल्प नाही आणि उद्यापनही नाही. तीन, पाच किंवा सात दिवस अन्न वर्ज्य करून केवळ फळांचे व भाज्यांचे रस प्राशन करावयाचे, म्हणजे शरीरात साठलेले विष बाहेर पडते, अशी त्याची फलश्रुती सांगितली जाते. एकादशीला देवळात भेटणारी मंडळीही एकमेकांपाशी याची चौकशी करू लागली आहेत. ‘हे आपल्याच उपवासाचे शास्त्रीय रूप’ असे कोणी म्हटले की मान डोलावण्याचा मोह होतोच. पहिल्यांदा हा प्रयोग करू पाहणाऱ्याने त्यापूर्वी या व्रताची वंशावळ एकदा तपासून पाहावी, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच.

आपल्या वैद्यकात लंघनाला मोठा मान आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात लंघनाचे दहा प्रकार सांगितले आहेत. उपवास हा त्यांतील केवळ एक. वमनविरेचनादी शोधन, तहान सोसणे, वारा व ऊन घेणे, पाचन आणि व्यायाम हेही लंघनच. आता रसाचे पाहू. स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट अशा पाच कल्पना आयुर्वेदाने मानल्या असून त्यांत स्वरस, म्हणजे ताज्या वनस्पतीचा पिळून काढलेला रस, सर्वांत गुरू, म्हणजे पचावयास जड ठरविला आहे. म्हणूनच शार्ङ्गधरसंहितेत त्याची मात्रा अर्धा पल, म्हणजे सुमारे दोन तोळे, एवढीच दिली आहे. तो स्वरस बहुधा औषधी वनस्पतीचा असे, तेव्हा ही तुलना तंतोतंत जुळत नाही हे मान्य. तरीही ज्या रसाला आपण आज हलक्यातला हलका आहार समजतो आणि पेलेच्या पेले रिचवतो, त्याला जुने वैद्य जड म्हणत होते आणि दोन तोळ्यांवर थांबत होते, ही गोष्ट नव्या व्रताला आयुर्वेदाचा आधार देणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

धर्मशास्त्रातील उपवासाची गोष्ट आणखीच निराळी. उप म्हणजे जवळ आणि वास म्हणजे राहणे. देवाच्या सान्निध्यात राहणे हा त्याचा हेतू. देहशुद्धी झाली तर ती अनुषंगाने. त्यात निर्जळीपासून फलाहारापर्यंत पायऱ्या आहेत आणि बाल, वृद्ध, आजारी व गर्भवती यांना मोकळीकही आहे. आपल्या फराळाच्या ताटाचा इतिहास मात्र मौजेचा आहे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, भुईमूग आणि मिरची ही सारी अमेरिकेतली. पोर्तुगीजांच्या जहाजांनी जग पालथे घातल्यानंतर ती आपल्याकडे पोचली. बटाटा हा शब्दच पोर्तुगीज आहे, हे गोव्यातील वाचकांना सांगावयास नकोच. मोसंबीचे नावही मोझांबिकवरून पडले असे मानतात. उपवासाच्या ताटाने परके पदार्थ इतक्या सहजपणे आपलेसे केले, तेव्हा रसोपवास परका आहे एवढ्यावरून त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. तो कोठून आला एवढे मात्र पाहावे.

तो आला जर्मनीतून. लाइपझिग शहरात लुई कुह्ने या निसर्गोपचारकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असा सिद्धान्त मांडला की सर्व रोगांचे मूळ एकच : शरीरात साठलेले विजातीय द्रव्य. ते काढून टाकावे, रोग आपोआप जातो. आज बाटलीवर ‘विषहरण’ असे लिहिलेले दिसते त्यामागे आमाची कल्पना शोधण्यापेक्षा या विजातीय द्रव्याची शोधावी, असे मला वाटते.

रसोपवासाला आजचे रूप देणारा मनुष्य मात्र दुसराच. ओटो बुखिंगर हा १८७८ साली डार्मष्टाट येथे जन्मला आणि जर्मन आरमारात वैद्य म्हणून चाकरीस होता. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, घशाच्या विकारानंतर त्याला संधिवाताने असे गाठले की पुढच्याच वर्षी अपंग म्हणून त्याला सेवेतून निवृत्त करण्यात आले. वय चाळीस, पदरी संसार आणि हातापायांचे सांधे धरलेले. स्वतः वैद्य असून स्वतःच्या विद्येने त्याला हात दिला नाही. १९१९ साली फ्रायबुर्ग येथील डॉक्टर रीडलिन यांच्या देखरेखीखाली त्याने जवळजवळ तीन आठवड्यांचा उपवास केला. तो त्याचा पहिलाच. त्या उपवासाअखेर आपले सांधे पुन्हा हलू लागले, असे त्याने लिहून ठेवले आहे. लगेच १९२० साली त्याने स्वतःचे उपचारगृह काढले, १९३५ साली उपवासोपचारावर ग्रंथ लिहिला आणि १९६६ साली मृत्यू येईपर्यंत हेच कार्य केले. त्याच्या पद्धतीत उपवास कोरडा नसे. फळांचा रस, भाज्यांचे पातळ सार आणि थोडा मध दिला जाई. आजही त्या परंपरेतील उपचारगृहांतून दिवसाकाठी सुमारे अडीचशे कॅलरी एवढेच अन्न या रूपाने पोटात जाते. त्याबरोबर विश्रांती, फिरणे, वाचन, मौन. बुखिंगर धर्मनिष्ठ होता आणि आत्म्याच्या आहाराखेरीज हा उपवास अपुरा मानीत असे. वैद्याची नजर रोज रोग्यावर असे, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. बाटलीबंद रसाबरोबर नेमकी तीच येत नाही.

कुह्नेचे आणि आडोल्फ युस्ट याचे ग्रंथ दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या वाचनात आले, आणि त्या वाटेने हा विचार आपल्याकडे, विशेषतः पुण्याकडे, वळला. महात्माजींचे तीन मोठे उपवास पुण्यातच घडले. १९३२ सालच्या सप्टेंबरात येरवड्याच्या तुरुंगात आरंभिलेला उपवास २६ तारखेला, रवींद्रनाथ ठाकूर यांच्या उपस्थितीत, कस्तुरबांच्या हातून संत्र्याचा रस घेऊन सुटला. १९३३ सालच्या मे महिन्यातील एकवीस दिवसांचा उपवास पर्णकुटीत पुरा झाला आणि त्याचे पारणेही संत्र्याच्या रसानेच झाले. तिसरा १९४३ सालचा, आगाखान महालातला. १० फेब्रुवारीपासून ३ मार्चपर्यंत एकवीस दिवस. आपण मरण ओढवून घेण्यासाठी हे करीत नाही, आपल्या शक्तीच्या मर्यादेत करीत आहोत, म्हणून पाणी पोटात ठरावे यापुरता लिंबूवर्गीय फळांचा रस त्यात घालू, असे त्यांनी आधीच कळविले होते. २१ फेब्रुवारीला प्रकृती इतकी खालावली की पाणीही घशाखाली उतरेना. त्या वेळी मोसंबीचा थोडा रस पाण्यात मिसळून देण्यात आला आणि तोल सावरला. डॉक्टर बिधनचंद्र रॉय, डॉक्टर गिल्डर, सुशीला नय्यर यांच्यासारखी मंडळी उशाशी होती. रस तेव्हा प्राण टिकविण्यापुरता होता. त्याने शरीर स्वच्छ होते असा दावा त्या महालात कोणी केला नाही.

पुढे १९४५ साली सरदार पटेलांच्या उपचारांसाठी गांधीजी पुण्यात डॉक्टर दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचारगृहात राहिले, आणि १९४६ सालच्या मार्चमध्ये उरुळी कांचन येथे गेले. तेथे आश्रम निघाला आणि मणिभाई देसाई त्याचे काम पाहू लागले. खेड्यातील गरिबाला परवडेल एवढेच उपचार तेथे द्यावेत, माती, पाणी, ऊन, हवा आणि या सर्वांच्या वर रामनाम, असा गांधीजींचा आग्रह होता. महागड्या फळांच्या रसाचे हे व्रत त्या आग्रहाशी कसे जुळावे?

अमेरिकेतील शाखेकडे वळले की सूर बदलतो. तेथे स्टॅन्ली बरोज या गृहस्थाने लिंबाचा रस, मेपल वृक्षाचा पाक आणि तिखट यांचे पाणी दहा दिवस पिण्याची पद्धत काढली. त्याचे पुस्तक १९७६ साली फार खपले. पण त्याच बरोजने रक्ताचा कर्करोग झालेल्या एका तरुणाला हे लिंबूपाणी, रंगीत प्रकाश आणि पोटाचे मर्दन यांवर ठेवले, आणि तो तरुण दगावला. खटला कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८४ साली त्या न्यायालयाने खुनाचा ठपका काढून टाकला, परवान्याविना वैद्यकी केल्याचा अपराध मात्र कायम राहिला. मोठा रोग आणि रसाची बाटली यांची गाठ पडली म्हणजे काय होते याचा हा दाखला विसरण्याजोगा नाही.

शरीरशास्त्राचे म्हणणे थोडक्यात असे. रक्तातील टाकाऊ द्रव्ये काढण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे अहोरात्र करीतच असतात. रसाने त्यांना विशेष साह्य होते असे सिद्ध झालेले नाही. या विषयावरील संशोधनाचा परामर्श घेणारा लेख २०१५ साली प्रसिद्ध झाला, त्यात विषहरणाचा दावा पटवून देणारा एकही कसोटीला उतरणारा प्रयोग आढळला नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत वजन झपाट्याने उतरते ते बरेचसे पाण्याचे असते; साठविलेली साखर संपली की तिला धरून असलेले पाणी जाते, आणि जेवण सुरू होताच परतते. डोके दुखते ते ‘विष निघाल्याने’ दुखते म्हणतात. पुष्कळदा सुटलेला चहा हेच त्याचे कारण असते. चोथा टाकून दिल्याने रसातली साखर लवकर रक्तात उतरते, म्हणून मधुमेह्याने, विशेषतः औषध घेणाऱ्याने, वैद्याला विचारल्यावाचून या वाटेस जाऊ नये. मूत्रपिंडाच्या रोग्याला तर पालक, बीट यांचे रस घातक ठरू शकतात. धडधाकट मनुष्याने एखादा दिवस रसावर काढला तर सहसा काही बिघडत नाही. पारण्याला मात्र पेज, मऊ भात, मुगाचे कढण या क्रमानेच यावे. शोधनानंतरचा संसर्जनक्रम आपल्या वैद्यांनी उगीच घालून दिलेला नाही.

दुधीविषयी शेवटी लिहावयाचे ठेवले होते. दुधीचा रस आपल्याकडे फार लोकप्रिय झाला आहे. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधी व कारले यांच्या रसाने मृत्यू ओढवला, आणि त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने या प्रकाराची चौकशी केली. कडू दुधीत कुकुर्बिटॅसिन नावाचे विष असते. कडू रस पिऊ नये, दुसऱ्या कशात मिसळून त्याची चव झाकू नये, आणि पिऊन मळमळ, उलटी वा पोटात कळ आली तर तत्काळ इस्पितळ गाठावे, असे समितीने सांगितले. घरातील वडीलधाऱ्या बायका दुधी वा काकडी चिरताना आधी देठाकडची एक चकती जिभेला लावून पाहत, आणि कडू लागली तर सबंध फळ उकिरड्यावर टाकीत. गाईपुढेही ते टाकीत नसत.