स्वयंपाकघरातील वायरिंग

स्वयंपाकघरातील वायरिंग म्हणजे घराच्या वितरणपेटीपासून स्वयंपाकघरातील दिवे, सॉकेट व उपकरणांपर्यंत वीज पोहोचवणाऱ्या तारा, स्विच आणि संरक्षक साधने यांची मांडणी होय. वीज, पाणी, उष्णता आणि ज्वलनशील वायू हे चारही घटक घरात याच खोलीत एकत्र येतात, आणि सर्वाधिक वीज घेणारी बरीचशी उपकरणेही येथेच असतात. त्यामुळे नवे घर बांधताना या खोलीची आखणी इतर खोल्यांपासून वेगळी करावी लागते. भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्‌झ असतो. वायरिंगची कार्यपद्धती भारतीय मानक ७३२ मध्ये, तर प्लग व सॉकेटची वैशिष्ट्ये भारतीय मानक १२९३ मध्ये दिली आहेत.

घरमालकाचे काम आणि कायद्याची मर्यादा

दिवा, पंखा, फ्यूज किंवा स्विच बदलण्यासारखी, जोडणीची क्षमता वा स्वरूप न बदलणारी कामे ग्राहकाला स्वतः करता येतात. नवीन वायरिंग, वाढीव जोडणी किंवा फेरबदल मात्र राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे लागतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षाविषयक विनियमांत ही अट होती आणि त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या विनियमांतही ती आहे. नव्या जोडणीसाठी महाराष्ट्रात अशा कंत्राटदाराचा चाचणी अहवाल वीज कंपनीला द्यावा लागतो. म्हणून ‘स्वतः वायरिंग करणे’ याचा येथील व्यवहार्य अर्थ आखणी स्वतः करणे आणि झालेले काम समजून तपासणे एवढाच आहे. तो भाग कमी महत्त्वाचा नाही, कारण कोणते उपकरण कोठे आणि कोणत्या वेळी चालणार हे कंत्राटदाराला नव्हे, तर त्या घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीलाच ठाऊक असते.

भाराचा हिशेब

आखणीची सुरुवात उपकरणांच्या यादीने करावी. उपकरणावर लिहिलेल्या वॅटला २३० ने भागले की त्यातून जाणारा प्रवाह अंदाजे अँपिअरमध्ये मिळतो. २,००० वॅटची इंडक्शन शेगडी सुमारे ८.७ अँपिअर, १,५०० वॅटची किटली सुमारे ६.५ अँपिअर, तर ३,००० वॅटचा तात्काळ गरम पाणी देणारा गीझर सुमारे १३ अँपिअर प्रवाह घेतो. ७५० वॅटच्या मिक्सरला जेमतेम सव्वातीन अँपिअर लागतात. जलशुद्धीकरण यंत्राचा भार तर नगण्य असतो.

मात्र केवळ बेरीज पुरेशी नाही. एकाच वेळी काय चालते हे पाहावे लागते. सकाळी डब्याच्या घाईत शेगडी, किटली आणि १,३०० वॅटचा मायक्रोवेव्ह एकदम चालू झाले, तर भार ४,८०० वॅट म्हणजे जवळपास २१ अँपिअर होतो. ही तिन्ही उपकरणे १६ अँपिअरच्या एकाच सर्किटवर असतील, तर एमसीबी वारंवार पडते. अशा वेळी ती काढून २५ किंवा ३२ अँपिअरची बसवण्याचा प्रकार सर्रास आढळतो, आणि तोच सर्वांत धोकादायक आहे. एमसीबी ही उपकरणाच्या सोयीसाठी नसून तारेच्या रक्षणासाठी असते. तार तीच ठेवून एमसीबी मोठी केली, तर एमसीबी पडण्यापूर्वीच भिंतीतील तारेचे आवरण तापून वितळू लागते. उपाय एकच आहे: सर्किट वाढवणे. शेगडी व गीझर यांना प्रत्येकी स्वतंत्र, ओट्यावरील सॉकेटांना एक वा दोन आणि दिव्यांना वेगळे सर्किट ठेवावे. फ्रीजचे सर्किटही वेगळे असल्यास दुसऱ्या उपकरणाच्या दोषामुळे त्यातील दूध-भाजी नासत नाही.

दिव्यांसाठी साधारणपणे १.५ चौरस मिलिमीटरची आणि १६ अँपिअरच्या सॉकेटसाठी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरतात. अधिक भारासाठी किंवा वितरणपेटी दूर असल्यास ४ चौरस मिलिमीटरची तार घेतात. घराचा मंजूर भार पुरेसा आहे का, हेही याच टप्प्यावर पाहावे.

सॉकेटच्या जागा

ओट्यावरील सॉकेट ओट्याच्या पृष्ठभागापासून २० ते ३० सेंटिमीटर उंच, सिंकपासून दूर आणि शेगडीच्या थेट वर येणार नाहीत असे ठेवतात. चिमणीचा सॉकेट तिच्या धूरनळीच्या बाजूला घ्यावा; नळीच्या मागे गेलेल्या सॉकेटपर्यंत नंतर हात पोहोचत नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास जमिनीलगत साचतो. त्यामुळे सिलिंडरच्या जवळ, खालच्या बाजूस सॉकेट किंवा स्विच नसावा. गॅसचा वास आल्यावर कोणताही स्विच चालू अथवा बंद करू नये, याचे कारण त्यात उडणारी ठिणगी हे आहे.

अर्थिंग व आरसीसीबी

तीन पिनांच्या प्लगमधील अर्थिंगची पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब व जाड असते. ती सर्वांत आधी जोडली जाते आणि शेवटी सुटते. उपकरणाच्या धातूच्या आवरणात वीज उतरल्यास ती हिरव्या तारेने जमिनीत जाते. ही तार नुसती सॉकेटपर्यंत आणून उपयोग नाही. ती प्रत्यक्ष अर्थिंगच्या खड्ड्याशी जोडलेली असावी लागते. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी अशी गळती ओळखून वीजप्रवाह क्षणार्धात तोडते. मात्र अतिभारापासून ती संरक्षण देत नाही, म्हणून एमसीबी व आरसीसीबी दोन्ही आवश्यक असतात. फेज व न्यूट्रल या दोन्ही तारांना माणसाचा एकदम स्पर्श झाला आणि प्रवाह जमिनीकडे गेला नाही, तर आरसीसीबीलाही तो धोका कळत नाही. एका सर्किटची न्यूट्रल दुसऱ्याला उसनी दिल्यास ती विनाकारण पडत राहते. अशा वेळी चूक शोधण्याऐवजी आरसीसीबीच काढून टाकणारे कारागीर आहेत. ग्राहकाने ते मान्य करू नये.

गिलाव्यापूर्वीची तपासणी

पाइप भिंतीत उभ्या किंवा आडव्या सरळ रेषेतच न्यावेत; तिरके नेल्यास पुढे फडताळासाठी भोक पाडताना तार छेदली जाण्याची भीती असते. गिलावा व टाइल्स लागण्यापूर्वी प्रत्येक भिंतीची मोजपट्टीसह छायाचित्रे घेऊन ठेवावीत. वीज सुरू करण्यापूर्वी तारांच्या आवरणाचा रोध मेगरने मोजतात, आणि स्विच न्यूट्रलवर नसून फेजच्या तारेवर आहे याची खात्री करतात. न्यूट्रलवर बसवलेला स्विच बंद केला, तरी उपकरणापर्यंत वीज पोहोचलेलीच राहते. वीज सुरू झाल्यावर आरसीसीबीवरील ‘टी’ अक्षराचे बटण दाबताच ती पडली पाहिजे. ही चाचणी पुढेही ठरावीक काळाने घरच्या घरी करता येते.